आधीची ओळ

लग्न माझ्या मावसबहिणीचं होतं. वाचन माझ्या गळ्यात पडलं, कारण ते करणाऱ्या तिच्या दिराचा आदल्या दिवशी घसा बसला. मावशीनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "ब्रिजी, तू वाच. तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो."

हातात गुळगुळीत कागदाची छापील पुस्तिका होती. तिच्यात बायबलमधल्या प्रेषिताच्या पत्रातलं वाचन सुरू होत होतं ते 'बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं' इथपासून. ते पत्र मला लहानपणापासून पाठ आहे. त्या ओळीच्या आधी आणखी एक ओळ आहे... सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं, अशी. पुस्तिकेत ती नव्हती. मी तिथून सुरुवात केली. काही ठरवून नव्हे, तोंडातून आपसूक आली. पुढचं सगळं पुस्तिकेबरहुकूम वाचलं, एक शब्द न गाळता.

चर्चमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

जेवणाच्या मांडवात मी ताट घेऊन खांबाशी उभी होते. एकदम एक माणूस माझ्या समोर येऊन उभा राहिला. उंच, सावळा, लुंगीसारखं पांढरं मुंडू नेसलेला.

"मी शेजारून दोनदा हाक मारली," तो म्हणाला. "राग आलाय का?"

"कसला राग?"

"तेच विचारत होतो."

त्यानं घसा खाकरला.

"तुम्ही एक ओळ जास्त वाचलीत."

"तुम्ही ओळी मोजत होतात?"

"ती पुस्तिका मी छापलीये. तुम्ही पहिलंच वाक्य वाचलंत आणि मी घाईनं पुस्तिका उघडली. म्हटलं, मेलो, छपाईत ओळ गळली!"

"गळलीच आहे."

"माझ्याकडे आलेल्या मजकुरातच नव्हती हो. अकरा वर्षं असंच छापतोय."

"म्हणजे अकरा वर्षं चोरीचा माल छापताय."

तो हसला. मोकळं, जरा मोठ्यानंच. नखांच्या कडांना निळी शाई होती, धुऊनही न गेलेली. मग ताटातलं कटलेट सावरत तो माझ्या डाव्या बाजूला सरकला आणि काहीतरी बोलला. मी मान वळवली.

"या कानानं मला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

हे ऐकलं की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. 'अरेरे' म्हणतात, नाहीतर 'कसं काय झालं?' विचारतात. त्यानं यातलं काहीच केलं नाही. ताट उचललं, मागून वळसा घातला आणि माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला.

"तर मग पहिल्यापासून," तो म्हणाला. "माझं नाव सोजन."

*

मी रबर उत्पादकांच्या संस्थेत कामाला आहे. मळेवाले सकाळी झाडांचा चीक घेऊन येतात आणि त्यात रबर किती, पाणी किती, ते मी तपासून सांगते. हाताला कायम आम्लाचा आंबट वास. पंधरा दिवसांनी सोजन तिथे आला. हातात नवी पुस्तिका, आणि पहिल्याच पानावर ती ओळ.

"तपासून द्या."

"फादरना विचारलंत?"

"विचारलं. ते म्हणाले, पत्रात आहे ना? मग घाल की. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नाही म्हणे."

मी वाचली. शब्दन् शब्द बरोबर होता.

"एक स्वल्पविराम राहिलाय," मी म्हणाले.

"कुठे?"

"शोधा."

तो तिथेच उभा राहून शोधू लागला. स्वल्पविराम कुठेच राहिला नव्हता. हे त्याच्याही लक्षात आलं असावं, पण त्यानं मान वर करायला बराच वेळ घेतला.

तेव्हा तुलावर्षाचे, म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस होते. आमच्याकडे त्या महिन्यात पाऊस दुपारी चारला येतो, गडगडाट करत, आणि पाचला निघून जातो. सोजनची संस्थेतली कामं नेमकी पावणेचारला निघू लागली. मग पाऊस. मग थांबणं आलंच. पत्र्याखाली आम्ही काळा चहा पीत उभे राहायचो, तो नेहमी माझ्या उजवीकडे. पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की बोलायला त्याला थोडं वाकावं लागायचं.

चौथ्या की पाचव्या खेपेला मी स्पष्टच बोलले.

"माझं लग्न झालेलं आहे. ठाऊक आहे ना?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"घटस्फोटाला वर्ष झालं. कोर्टाच्या कागदावर मी मोकळी आहे. पण चर्चच्या नोंदवहीत मी अजून टोमीचीच बायको आहे."

"तेही ठाऊक आहे."

"मग येता कशाला?"

तो चहात बघत "स्वल्पविराम सापडत नाहीये..." म्हणाला.

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. मी म्हणाले, "थट्टा नको. नोंदणी कचेरीत जाऊन मी उद्या लग्न करू शकते. कितीजणी करतात. पण मग रविवारी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या रांगेत मला उभं राहता येणार नाही. टोमीच्या घरी चार वर्षं काढली मी. मी सगळ्यांत शेवटी जेवायची, सगळ्यांत शेवटी बोलायची. आठवड्यात ती एकच रांग अशी होती, जिथे माझ्या पुढे टोमी उभा काय आणि मागे आमची मोलकरीण उभी काय, सगळ्यांच्या तळहातावर सारखंच पडायचं. ती रांग मी सोडणार नाही. कुणासाठीही."

"मी कुठे सोडा म्हणालो?"

"देवानं जे जोडलं ते माणसानं तोडू नये, हे मला पटतं, सोजन. खरंच पटतं. माझा प्रश्न एवढाच आहे की ते जोडलं गेलं होतं का? बिशपांच्या घरी विवाह न्यायालयात मी अर्ज केलाय. ते काय म्हणतील ते म्हणतील. तोवर मला कुणी काही विचारू नये."

पाऊस थांबला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"नाही विचारणार," तो म्हणाला. "पण चहा प्यायला यायला हरकत आहे?"

"चहाबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही."

*

वर्षभरानं सुनावणीची तारीख आली त्या आठवड्यात चाच्चन, म्हणजे माझे वडील, जेवण झाल्यावर हात न धुताच बसून राहिले. आई मी शाळेत असतानाच गेली. आमच्या घरात आम्ही दोघंच.

"ब्रिजी, मी वकिलाला भेटलो," ते म्हणाले. "तो म्हणतो, नवऱ्यानं नंतर मारलं, यावर लग्न रद्द ठरत नाही. लग्नाच्या वेळीच काही खोट असली पाहिजे. जबरदस्ती वगैरे."

"हो. मलाही माहीत आहे."

"मग मी सांगतो ना, मी जबरदस्ती केली म्हणून. मुलीला कोंडलं, उपाशी ठेवलं, मारायची धमकी दिली. शपथेवर सांगतो."

"चाच्चन! तुम्ही मला आयुष्यात कधी चापट मारली नाहीत."

"म्हाताऱ्याचं एक पाप वाढलं तर काय बिघडतं? फादरकडे जाऊन कबूल करीन नंतर." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "त्याला मीच घरात आणलं. मीच म्हणालो, चांगलं स्थळ आहे. निदान एवढं तरी करू दे मला."

मी उठून त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांना 'नाही' म्हणणं मला जड गेलं, पण मी म्हणालेच.

दुसऱ्या दिवशी सोजनला हे सांगितलं. तो नेहमी पटकन उत्तर देणारा माणूस. त्या दिवशी चहाचा कप हातातल्या हातात फिरवत राहिला.

"बोला की काहीतरी."

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तीन मिनिटं मला वाटलं, सांगू दे त्यांना. काय होतंय? कुणाचं नुकसान आहे?"

"आणि आता?"

"आता लाज वाटतेय. तुम्ही खोटं बोलून सुटलात, तर त्या रांगेत उभं राहताना तुमची मान खाली असेल. मला तुमची मान अशीच आवडते." तो एकदम थांबला. "हे विचारणं नव्हतं हां... नुसतं सांगणं होतं."

माझ्या चांगल्या कानाची पाळी तापली. मी नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या. चारपैकी दोन उलट्या लागल्या.

*

न्यायालय म्हणजे बिशपांच्या घरातली एक साधी खोली. टेबलापलीकडे तीन जण. न्यायाधीश फादर, लग्नाच्या बाजूनं बोलणारे दुसरे फादर, आणि जबानी टाइप करणाऱ्या एक सिस्टर. लग्नाच्याही बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, असा चर्चचा नियम आहे. मला तो आवडला. टोमी नोकरीला होता तिथे, कुवेतला, त्याला दोन पत्रं गेली होती. त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

"लग्नाला तुमचा होकार होता?" न्यायाधीश फादरनी विचारलं.

"होता."

"कुणाचा दबाव?"

"नाही, फादर. मी खूश होते. मला त्याच्या मिशा आवडल्या होत्या."

सिस्टरांची बोटं थांबली. "हे टाइप करू?"

"करा," मी म्हणाले. "खरंच आहे ते."

मग कानाचं विचारलं. मी सांगितलं. चौथ्या वर्षी तो सुट्टीवर आला होता तेव्हा, माशाच्या कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून. सांगताना रडू आलं नाही. सांगून सांगून ते दुसऱ्याच कुणाचं झालं आहे.

फादरनी चष्मा काढला. "मुली, मार खात राहा असं चर्च कुणालाही सांगत नाही. तू वेगळी राहिलीस, तो तुझा हक्कच होता. बायको म्हणजे बरोबरीची सोबतीण, हे ज्याला कळलं नाही त्याला लग्नही कळलं नाही. पण आम्हाला बघायचं आहे ते त्या एका दिवसाचं. त्या दिवशी लग्न झालं की नाही? तुझ्याकडून तर झालेलं दिसतं. त्याच्याकडून काय होतं, हे सांगणारं कुणी आहे?"

मी एकच नाव देऊ शकले. त्याच्या आईचं.

*

टोमीची आई, एलीकुट्टी अम्मच्ची, शहात्तर वर्षांची. पांढरा बिनकॉलरचा सदरा म्हणजे चट्टा आणि मागे पंख्यासारख्या निऱ्यांचं मुंडू, असा जुन्या बायकांचा चट्टा-मुंडू अजून नेसणाऱ्या गावातल्या शेवटच्या दोघी-तिघींपैकी एक. मी गेले तेव्हा ती अंगणात जायफळं वाळत घालत होती. मी त्या घरात तीन वर्षांनी पाऊल टाकत होते.

"आलीस?" ती म्हणाली. "पत्र आलंय मला बिशपांकडून. मी जाणार नाही."

"मी भीक मागायला आले नाही, अम्मच्ची. फक्त एवढं सांगायला आलेय की तुमचं नाव मी दिलं. ते तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं."

"पोटच्या पोराविरुद्ध बोलू?"

"त्याच्या विरुद्ध बोला असं मी म्हणत नाही."

ती जायफळं उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "टोमीचा बाप मला पट्ट्यानं मारायचा. अडतीस वर्षं. तो मेला तेव्हा फादर म्हणाले, एलीकुट्टीनं संतिणीसारखा संसार केला. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तू निघून गेलीस तेव्हा मला तुझा संताप आला होता. का माहितीये? मला वाटलं, ही जाऊ शकते, तर मी का नाही गेले?"

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर जायफळं पसरू लागले. ती माझ्या डाव्या बाजूला होती, म्हणून मी तोंड तिच्याकडे करून बसले. तिनं ते पाहिलं. माझ्या कानाकडे पाहिलं. मग तिनं नजर वळवली.

"जा आता," ती म्हणाली. "ऊन चढलं."

मी तिला काही वचन मागितलं नाही, तिनं दिलं नाही. घरी येताना वाटेत सोजनचा छापखाना लागतो. मी आत गेले नाही. मला त्या दिवशी कुणी बरं काही बोललं असतं तर मी रडले असते, आणि त्याच्यापुढे रडायची माझी तयारी नव्हती.

साक्षीच्या दिवशी मला पुन्हा बोलावलं होतं. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. अकरा वाजता जिन्यावर छत्री टेकत टेकत कुणीतरी चढत आलं. एलीकुट्टी अम्मच्ची. दोन बस बदलून, एकटी.

ती माझ्याशी बोलली नाही. आत गेली. पाऊण तासानं बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली, उजव्या बाजूला.

"आत सांगितलं ते तुलाही सांगते," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी, न्हावी त्याची दाढी करून गेल्यावर टोमी मला मागच्या दारी घेऊन गेला. म्हणाला, तिकडे कुवेतला माझी एक बाई आहे, मूल आहे. तिला मी सोडणार नाही, आधीच सांगून ठेवतो. हे लग्न तुझ्यासाठी करतोय, तुला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी वेदीपुढे त्यानं तुझ्या डोक्यावर घालायची मंत्रकोडीची साडी माझ्या हातांनी घडी घालून चर्चमध्ये नेली."

मी तिच्याकडे वळले.

"तू वेदीपुढे हसत होतीस," ती म्हणाली. "ते हसू मी सात वर्षं बघतेय."

मी तिच्यावर रागवायला हवं होतं. रागावलेही, नंतर, घरी, दोन-तीन दिवस. पण त्या बाकावर मात्र मी तिची छत्री हातात घेतली आणि तिला बसपर्यंत पोहोचवायला गेले.

*

निकाल यायला आणखी आठ महिने लागले. तोवर टोमीनं आईचे फोन घेणं बंद केलं होतं. सोजन चहाला येत होता. दोन वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही. एकदा बाजारात त्याच्या आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, माझ्या मुलाला स्थळं दाखवायचं बंद केलंय मी. तो प्रत्येक मुलीच्या फोटोत छपाईच्या चुका काढतो." एवढंच म्हणून ती भाजीवाल्याकडे वळली.

एका मंगळवारी पाकीट आलं. मी ते संस्थेतच उघडलं. लांबलचक मजकूर होता, पण मला एकच वाक्य हवं होतं. नवऱ्याचा निष्ठेचा इरादा मुळातच नव्हता, त्यामुळे त्या दिवशी विवाह झालाच नाही... ब्रिजीत वर्गीस विवाहास मोकळी आहे.

मी बाटल्यांना बुचं लावली, हात धुतले आणि चालत छापखान्यात गेले.

मोठं मशीन चालू होतं. धाड धाड धाड. सोजन पाठमोरा उभा, कागद सारखे करत. मशीनवर कुट्टप्पन नावाचा जुना कारागीर होता. मी सोजनच्या समोर जाऊन उभी राहिले.

"माझ्याशी लग्न कराल का?" मी विचारलं.

"काय?" तो ओरडला.

"लग्न! कराल का?"

"कुणाचं लग्न? पत्रिका का?"

मी पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं आणि सगळा जोर लावून ओरडले. नेमकं त्याच क्षणी कुट्टप्पननं मशीन बंद केलं. 'माझ्याशी लग्न कराल का' हे वाक्य अख्ख्या छापखान्यात, समोरच्या न्हाव्याच्या दुकानात आणि रस्त्यावरच्या रिक्षा थांब्यापर्यंत ऐकू गेलं. आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा, त्याला काय करणार?

सोजनच्या हातातले कागद खाली पडले. त्यानं पाकीट घेतलं नाही. माझ्याकडेच बघत राहिला.

"दोन वर्षं," तो हळू म्हणाला, "दोन वर्षं मी एक वाक्य जुळवत होतो. किती खाडाखोड केली... आणि तुम्ही एका दमात छापून मोकळ्या."

"मग सांगा ना ते तुमचं वाक्य."

"आता काय उपयोग?"

"मला ऐकायचंय."

त्यानं शाईचे हात मुंडूला पुसले. कुट्टप्पनकडे पाहिलं. कुट्टप्पन छताकडे पाहू लागला.

"ब्रिजी," तो म्हणाला, पहिल्यांदाच असं, "मला तुझ्याबरोबर म्हातारं व्हायचंय. तुझ्या पुढे नाही, मागे नाही. तुला चालत असेल तर."

"चालेल," मी म्हणाले. मग माझा हात त्याच्या हातात होता आणि दोघांचीही बोटं निळी झाली होती. बाहेर रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

पत्रिका त्यानंच छापल्या. पहिली चाच्चननी उशाखाली ठेवून घेतली. दुसरी आम्ही दोघं एलीकुट्टी अम्मच्चीकडे घेऊन गेलो. सोजन फणसाच्या झाडाखाली थांबला होता. मी त्याला आत बोलावलं.

"हाच का तो छापखानेवाला?" तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिशा नाहीत."

"मिशांचा अनुभव घेऊन झालाय," मी म्हणाले.

ती हसली नाही, पण तोंडाची एक कड हलली. पत्रिका तिनं डोळ्यांजवळ नेऊन वाचली, बोट फिरवत, नावांपाशी थांबत. मग घडी घातली, पुन्हा उघडली.

"मी आले तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. "आधीच्या नवऱ्याची आई."

"म्हणू देत."

"आणि चर्चमध्ये बसू कुठे? कुणाच्या बाजूला?"

"माझ्या," मी म्हणाले. "पहिल्या बाकावर आईची जागा रिकामी आहे."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. सोजननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आतून लाकडी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग तिचा.

"पोरी, ऐकलंस का? इस्त्रीवाल्याला जाता जाता सांग, संध्याकाळी येऊन जा म्हणावं. हा चट्टा पार चुरगळलाय."